भर पावसात स्टेपनी, पोळपाट आणि चौथा नट

चाफेकळी
रविवार, रात्री ९.१२

गाडी चालवायला लागून मला १९ वर्षं झाली. त्यात टायर चार-पाच वेळा बसला असेल, पण दर वेळी कुणी ना कुणी बदलून दिला. कधी नवऱ्याने, कधी पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याने, एकदा तर सोसायटीच्या वॉचमनने. मला येतं असं मी धरूनच चालले होते, कारण इतक्यांदा शेजारी उभं राहून बघितलेलं. काठावर बसून पोहायला जितकं येतं तितकंच ते येत होतं, हे यंदाच्या गणपतीत कळलं.

पुण्याहून गुहागरला निघालो होतो. मी, आत्या (वय ७४) आणि तिचा नववीतला नातू. नवरा आदल्या दिवशी एसटीने पुढे गेलेला. कराड, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट हा आमचा ठरलेला रस्ता. हेळवाक मागे टाकलं आणि पावसाने असं धरलं की वायपर पळतायत तरी काच पांढरी. पाण्याखालचा खड्डा दिसलाच नाही. उजवं मागचं चाक दाणकन आदळलं. पुढे अर्ध्या किलोमीटरात गाडीचं बूड हलायला लागलं, मग तो ओळखीचा फट्‌ फट्‌ आवाज. डावीकडे जरा रुंद जागा बघून थांबले. चारही दिवे लुकलुकते केले, हँडब्रेक ओढला. इथवर सगळं शहाण्यासारखं.

पहिला घोळ डिकीत. स्टेपनी सगळ्यात खाली आणि तिच्यावर गणपती. म्हणजे पुठ्ठ्याचं मखर, समई, नारळांची पिशवी, तांदळाच्या पिठीचा डबा, पाट आणि आत्याचा शिसवी पोळपाट (गावच्या घरातला वाळवीने खाल्ला म्हणून घरचा बरोबर घेतलेला). सगळं काढून मागच्या सीटवर रचलं. नातवाने छत्री धरली ती माझ्यावर नाही, मखरावर.

दुसरा घोळ माझा. जॅक लावून गाडी आधी उचलली आणि मग नट फिरवायला बसले. पान्याला जोर दिला की गाडीच डोलायची. तिसऱ्या झटक्याला जॅकचा पाय चिखलात तिरका रुतला. घाबरून लगेच खाली घेतली. जॅकखाली काहीतरी सपाट हवं होतं. पाटाकडे हात गेला तर आत्या गाडीतून ओरडली, "त्याला हात लावशील तर बघ, देव बसायचाय त्यावर!" मग मिनिटभर विचार करून स्वतःच काच खाली केली आणि पोळपाट बाहेर दिला.

एवढ्यात दुधाचा टेम्पो थांबला. ड्रायव्हर उतरला, बघितलं आणि म्हणाला, "ताई, गाडी हवेत ठिवून नट उघडत्यात व्हय? आदी जमिनीवर सैल करायचं, मग उचलायचं." त्याच्या देखत मी तीन नट सैल केले. चौथा ढिम्म. त्याने सीटखालून हातभर लोखंडी पाइप काढला, पान्याच्या दांड्यावर चढवला आणि नुसता वजनाने दाबत राहिला. कर्र असा आवाज आला. मला वाटलं मोडलं काहीतरी. पण सुटला.

गाडी उचलली, बसलेला टायर निघाला. स्टेपनी लावायला गेलो तर चढेचना, कारण उचललं होतं ते बसलेल्या टायरच्या मापाने. आणखी दहा-बारा फेरे. लावली, जॅक उतरवला, आणि स्टेपनी आमच्या डोळ्यांदेखत निम्मी खाली बसली. टेम्पोवाल्याच्या पायपंपाच्या काट्यावर हवेच्या दाबाचे १४ पीएसआय दाखवत होते. माझ्या गाडीला लागतात ३३. नातवाने पंप मारला, दोनशेच्या पुढे मोजणं सोडून दिलं.

सव्वा तास. त्या भल्या माणसाने चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. "गणपतीला चाललाय, नारळ फोडा माज्या नावाचा," म्हणाला. फोडला.

आता विचारायचंय ते असं. चौथा नट असा का बसला होता? आणि टेम्पो आलाच नसता तर मी नक्की काय करायला हवं होतं?

उनाड_वाटसरू
रविवार, रात्री ९.३१

पोळपाटावर जॅक! दंडवत स्वीकारा. वाचनखूण साठवली आहे.

तिरकस
रविवार, रात्री ९.४०

टेम्पो आला नसता तर विमा कंपनीच्या रस्ता-मदतीला फोन करायचा. त्यासाठी आपण दर वर्षी पैसे भरतो. पावसात चिखलात बसून मर्दुमकी कशाला?

चाफेकळी
रविवार, रात्री ९.४४

@तिरकस, केला होता की. एक दांडी यायची आणि जायची. लागला तेव्हा पलीकडची बाई विचारत होती, "मॅडम, तुमच्या जवळची खूण सांगा." जवळची खूण म्हणजे धुकं.

पाना_आणि_टॉमी
रविवार, रात्री १०.२०

माझं सांगली रोडला गॅरेज आहे, २६ वर्षं झाली. ताई, तुमच्या चौथ्या नटाचा दोष तुमचा नाही. शेवटचं अलाइनमेंट किंवा टायर अदलाबदल कुठल्या दुकानात केलीत ते आठवा. हवेच्या गनने नट घट्ट करतात. पोरगं गन लावतं आणि बोट काढायचं विसरतं. छोट्या गाडीच्या नटाला साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर एवढा पीळ पुरतो. गाडीबरोबर येणारा पाना असतो जेमतेम ३० सेंटीमीटरचा. त्याच्या टोकाला ३५ किलोचा जोर दिला की १०० न्यूटन मीटर होतात, म्हणजे कंपनीने हिशेब बरोबर केलेला आहे. पण गनने त्याच्या दुप्पट पिळून ठेवलं असेल तर तुम्ही काय, पैलवान आला तरी हाताने सुटणार नाही. दुकानातून निघताना सरळ सांगायचं, "शेवटचा पीळ हाताने मार, माझ्यासमोर." वाईट वाटू द्या त्याला.

टेम्पोवाल्याने केलं तेच बरोबर. पाइपने दांडा लांबतो, झटका द्यावा लागत नाही. पाइप नसेल तर पाना नटावर पूर्ण आत बसवा, दांडा डावीकडे आडवा येऊ द्या आणि गाडीला धरून पायाने सावकाश दाबा. डावीकडून खाली दाबलं की नट उलटा फिरतो, म्हणजे सुटतो. ६० किलोचा माणूस दांड्याच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी पावणेदोनशे न्यूटन मीटर होतात. उड्या मारायच्या नाहीत. उडी मारली की पाना सटकतो, नटाची कड गोल होते, आणि एकदा नट स्लिप झाला की मग छिन्नी-हातोडाच. दांडा वर ओढायचा तर मुळीच नाही, कंबर धरते.

अर्धा फेरा सैल झाला की थांबा. पूर्ण काढायचे ते चाक उचलल्यावर.

घाटवळण
रविवार, रात्री १०.३८

पानासाहेब, एक शंका. चाफेकळी यांनी फक्त हँडब्रेक ओढला असं लिहिलंय. मी नेहमी गियरमध्येही टाकतो, पण का ते कधी नीट कळलं नाही. बाबांनी सांगितलं म्हणून टाकतो.

पाना_आणि_टॉमी
रविवार, रात्री १०.५५

बाबांनी बरोबर सांगितलंय. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना आणि हँडब्रेक मागच्या चाकांना असतो.

आता मागचं एक चाक उचललं. हँडब्रेक धरतोय फक्त दुसऱ्या मागच्या चाकाला. म्हणजे अर्धा. अशा वेळी गियर पुढची दोन्ही धरतो. उलट पुढचं चाक उचललं, तर ते हवेतलं चाक मोकळं फिरू शकतं. डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गियरची जोडणी) मग जमिनीवरचं दुसरं पुढचं चाकही फिरायला मोकळं होतं आणि गियर काहीच धरत नाही. तिथे हँडब्रेक कामाला येतो. ऑटोमॅटिकमध्ये पी (पार्क) टाकला तरी गोष्ट तीच. म्हणून दोन्ही हवेत, आणि वर दगड. जे चाक उचलणार त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड. उतार असेल तर उताराच्या बाजूचा दगड मोठा बघा.

माझ्या डोळ्यांसमोर एक गाडी जॅकवरून घसरलेली आहे. हँडब्रेकची केबल ताणलेली होती, मालकाला माहीत नव्हतं. चाक काढलेलं होतं, ब्रेकचा ड्रम डांबरात रुतला. पोराचा हात नुकताच बाहेर आला होता म्हणून वाचला. तेव्हापासून गॅरेजात नियम आहे, काढलेलं चाक गाडीच्या उंबऱ्याखाली, म्हणजे दाराखालच्या पट्टीखाली, आडवं सरकवायचं. गाडी पडली तर चाकावर पडेल. स्टेपनी लावेपर्यंत ते तिथेच. आणि अंग गाडीखाली घालायचं नाही म्हणजे नाही, नट खाली घरंगळला तरी.

घाटवळण
रविवार, रात्री ११.०२

४० वर्षांचं अज्ञान गेलं. धन्यवाद.

जुनी_गाडी
सोमवार, सकाळी ७.१५

अवांतर: स्टेपनी हा शब्द आपण इतका घरचा केलाय की तो कुठून आला कुणी विचारत नाही. वेल्समध्ये लानेथ्ली नावाचं गाव आहे, तिथे स्टेपनी स्ट्रीट. त्या रस्त्यावर डेव्हिस आडनावाच्या दोन भावांचं दुकान होतं. १९०४ च्या सुमारास त्यांनी जादा चाक विकायला सुरुवात केली. तेव्हाच्या मोटारींबरोबर जादा चाक येतच नसे, पंक्चर झालं की रस्त्यात बसून टायर काढून ट्यूब जोडायची. यांचं चाक म्हणजे आऱ्या नसलेली नुसती कडी आणि तिच्यावर हवा भरलेला टायर, ते बसलेल्या चाकाच्या बाजूला पकडींनी आवळायचं आणि घर गाठायचं. साहेब शब्द विसरून गेला, आपण धरून ठेवला.

माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीत पंक्चर हा प्रवासाचाच भाग होता. ट्यूबवाले टायर, खिळा लागला की भुस्स. सगळ्यांनी उतरायचं, आईने थर्मास उघडायचा. नॅनोला तर चाकाला तीनच नट आणि स्टेपनी पुढच्या बॉनेटखाली. बदलायला इतकी सुटसुटीत गाडी नंतर पाहिली नाही.

उनाड_वाटसरू
सोमवार, सकाळी ८.०५

चाफेकळींचे १४ पीएसआय वाचून आत्ताच खाली पार्किंगमध्ये जाऊन आलो. माझी स्टेपनी ११. पण खरी गंमत पुढेच. टायरच्या बाजूच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. माझ्या स्टेपनीवर १११४. म्हणजे २०१४ च्या अकराव्या आठवड्यातला टायर. एकदाही रस्त्याला लागलेला नाही, नव्या टायरवरचे रबरी केस अजून तसेच, आणि भिंतीवर बोट फिरवलं तर बारीक भेगा. गाडीला दोनदा नवे टायर घातले, या बिचाऱ्याला कुणी विचारलं नाही.

तिरकस
सोमवार, सकाळी ८.२०

तुमच्याकडे आहे तरी. जुलै २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, पंक्चर जोडायचं किट आणि टायरच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा असेल तर स्टेपनी द्यायलाच हवी असं नाही. माझ्या नव्या गाडीत डिकीचा गालिचा उचलला तर खाली एक डबी आणि छोटा कंप्रेसर. विकणारा म्हणे, "सर, जागा वाढली." त्या जागेत बसून रडायचं का?

पाना_आणि_टॉमी
सोमवार, सकाळी ९.१०

खिळा असेल तर किट पुरतं. ट्यूबलेसमध्ये खिळा दिसला तर उपटू नका, तोच बूच असतो. हवा हळूहळू जाते, भरत भरत पंक्चरवाल्यापर्यंत जाता येतं. पण या ताईंसारखा खड्ड्यात आदळून टायर बाजूच्या भिंतीला फाटला तर डबी काही करत नाही. भिंतीचं पंक्चर निघत नाही, रबराची वळी घालून कुणी काढून दिलं तर त्यावर हायवेला जाऊ नका. त्यामुळे कोकणात, घाटात, गावाकडे फिरणाऱ्याला मी स्टेपनीच सांगतो. शहरात राहून शहरातच फिरणाऱ्याचं एक वेळ डबीवर भागेल.

ताई, तुमचा टायर नंतर कुठे फाटलेला निघाला?

चाफेकळी
सोमवार, सकाळी ९.४८

भिंतीलाच, करंगळी जाईल एवढा. घाट उतरल्यावर पहिल्या टपरीत दाखवला. बाहेर खांबाला जुना टायर टांगलेला, त्यावर चुन्याने 'पंचर' लिहिलेलं, तशी. त्याने हात लावून बघितला आणि परत दिला. "ह्येचा झोपाळा करा."

राईनकाठचा
सोमवार, दुपारी १.३०

जर्मनीतून लिहितोय. इथे बहुतेक जण वर्षातून दोनदा चारही चाकं बदलतात. ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर, मग उन्हाळी. बरेच जण ते आपापल्या दारात करतात, त्यामुळे शेजारच्या साठीच्या आजीसुद्धा टॉर्क पाना (पीळ मोजून देणारा) हातात घेऊन उभ्या असतात. मला तिनेच शिकवलं, हे सांगायला लाज वाटत नाही.

दोन गोष्टी लिहितो. इथल्या बहुतेक गाड्यांना नट नसतात, बोल्ट असतात. तुमच्याकडच्या पोलो गाडीलाही तसेच. नटांच्या गाडीत चाक बाहेर आलेल्या खुंट्यांवर टांगून ठेवता येतं, बोल्टच्या गाडीत ते हातात धरून भोकं जुळवावी लागतात. २० किलोचं ओझं उचलून. आजीची युक्ती: जमिनीवर बसायचं, चाक बुटाच्या पुढच्या भागावर घ्यायचं आणि टाच टेकवून पंजाने वर-खाली करायचं. पहिला बोल्ट सगळ्यात वरच्या भोकात. मग चाक आपोआप लोंबतं आणि बाकीची भोकं जुळतात.

दुसरी गोष्ट, झगझगीत पिवळं जाकीट. २०१४ पासून इथे प्रत्येक गाडीत ते ठेवणं सक्तीचं आहे, गाडीमागे ठेवायचा धोक्याचा त्रिकोण आणि प्रथमोपचाराची पेटीही. चाफेकळी यांचं चाक उजवं होतं, म्हणजे त्या रहदारीकडे पाठ करून बसल्या होत्या. पावसात, धुक्यात. तेवढा भाग वाचताना माझ्या पोटात गोळा आला.

वर्ध्याची_वाट
सोमवार, दुपारी २.१०

राईनकाठचे यांच्याशी शंभर टक्के सहमत. माझं जाणं-येणं समृद्धीवरून असतं. ७०१ किलोमीटर, गाड्यांना १२० ची मुभा, सरळसोट काँक्रीट. तिथे उजवं चाक बसलं तर मी हातच लावत नाही. ठरवूनच टाकलंय. हळूहळू कडेला घ्यायचं, चाकाची रिंग खराब झाली तर होऊ द्यायची, रिंग विकत मिळते. सगळ्यांनी डाव्या दाराने उतरायचं आणि कठड्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं. गाडीत बसून राहायचं नाही, गाडीच्या मागे तर नाहीच. त्रिकोण निदान ५० पावलं मागे, वेगाच्या रस्त्यावर १०० च्या पुढे. तो ठेवायला जातानाही कठड्याच्या पलीकडून. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन, बाकी कुठेही ११२.

आणि समृद्धीवर टायर फुटतात ते काँक्रीटमुळे, असं आमच्याकडे पानठेल्यावर ऐकू येतं. रस्त्याला नावं ठेवायच्या आधी टायरची हवा बघा म्हणतो मी. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि उलगडते. ताशी १२० ने ते मिनिटाला हजारावर वेळा होतं. रबर आतून तापतं, थर सुटतात आणि मग जातो. गावातल्या गावात तोच टायर वर्षभर चालला असता.

कोकणी_मेवा
सोमवार, दुपारी ३.०५

नायट्रोजन भरा, टायर थंड राहतो.

घाटवळण
सोमवार, दुपारी ३.०९

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो हो. उरलेल्या २२ टक्क्यांचे पैसे द्यायचे तर द्या. कुठलीही भरा, पण दर १५ दिवसांनी मोजा.

कोकणी_मेवा
सोमवार, दुपारी ३.३०

बरं, नायट्रोजन सोडा. माझं वेगळंच दुखणं आहे. आम्ही समुद्राजवळ राहतो. मागच्या पावसात पंक्चर झालं, चारही नट काढले, चाक निघेचना! हलवलं, ओढलं, देवाचं नाव घेतलं. हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) गंजाने असं चिकटलेलं की बस.

पाना_आणि_टॉमी
सोमवार, दुपारी ४.१५

किनाऱ्यावर हे होणारच. चारही नट परत हाताने लावा आणि एक-एक फेरा सैल ठेवा. जॅक उतरवा. गाडी चालू करून हातभर पुढे, हातभर मागे, हलका ब्रेक. कट्‌ आवाज येऊन चाक सुटतं. मग परत जॅक. नट लावलेले असतात म्हणून चाक निसटत नाही, पण बस्स, हातभरच. तेवढं अंतर नसेल तर जमिनीवर बसून टायरच्या भिंतीला पायाने लाथ, एकदा उजवीकडे एकदा डावीकडे. जॅकवर उभी असताना जोरात नको.

पुढच्या वेळी चाक निघेल तेव्हा हबचा मधला गोल भाग तारेच्या ब्रशने घासून बोटभर ग्रीस लावा. खुंट्यांच्या आट्यांना ग्रीस लावायचं नाही. तिथे ग्रीस असलं की त्याच जोराला नट जास्त पिळला जातो.

लावतानाचंही सांगून टाकतो, धाग्यात अजून कुणी लिहिलं नाही. नटाची निमुळती बाजू चाकाकडे. काही लोक उलटे लावतात, दिसायला घट्ट दिसतात आणि दहा किलोमीटरवर वाजायला लागतात. सगळे आधी हाताने, मग पान्याने समोरासमोरचे. गोल गोल एका मागोमाग एक आवळत गेलं की चाक तिरकं बसतं. शेवटचा पीळ चाक जमिनीला टेकल्यावर. आणि ५०-१०० किलोमीटरवर थांबून परत एकदा पाना फिरवून बघायचा. त्यात एखादा नट पाव फेरा घेतोच.

लेकुरवाळी
सोमवार, संध्याकाळी ७.५०

काल रात्री धागा वाचला. आज नवऱ्याला घेऊन खाली गेले, म्हटलं चला, बदलून बघू. कोरड्या फरशीवर, उजेडात, चहा पिऊन. अलॉय चाकांना प्रत्येकी एक लॉक नट आहे, चोरी होऊ नये म्हणून. त्याला वेगळी चावी लागते. ती चावी कुठे आहे? नवरा म्हणे डॅशबोर्डच्या खणात. खणात टोलच्या पावत्या आणि एक वितळलेलं चॉकलेट. शेवटी सापडली घरात, देवघराच्या खालच्या कप्प्यात, गाडीच्या पूजेच्या सुपारीबरोबर. गाडी घेतली त्या दिवशी पूजेला ठेवली ती पाच वर्षं तिथेच.

चार चाकं काढून लावली. पहिल्याला ४० मिनिटं, चौथ्याला १४. जॅक कुठे लावायचा ते आधी सापडतच नव्हतं. उंबऱ्याच्या खालच्या पट्टीला हात लावून बघा, दोन खाचा बोटाला लागतात, जॅकचं डोकं त्यांच्या मधे. पुढच्या चाकामागे एक जागा, मागच्या चाकाच्या पुढे एक.

स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा बारीक निघाली. वर पिवळं लेबल, ८० च्या वर चालवू नका. हे लेबल आम्ही दोघांनीही पहिल्यांदा वाचलं.

तिरकस
सोमवार, रात्री ८.३०

ठीक आहे. हरलो. १२ व्होल्टचा कंप्रेसर, दोन फुटी पाइप, पिवळं जाकीट, हातमोजे आणि कपाळावर बांधायची बॅटरी अशी यादी करून आलोय. मोबाइलचा उजेड दातात धरून काम होत नाही, हे मला माहीत आहे. कसं ते विचारू नका.

जॅकखाली काय ठेवायचं? पोळपाट मागितला तर घटस्फोट होईल.

पाना_आणि_टॉमी
सोमवार, रात्री ८.४१

कुठल्याही सुताराकडे जा, एक इंच जाडीच्या प्लायचा फूटभर चौकोन कापून घ्या. उरलेल्या तुकड्यात होतं. कंप्रेसर वापरताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर टायर भरेल आणि बॅटरी बसेल. १४ चे ३३ करायला पाचेक मिनिटं लागतात.

पोळपाट टिकला हेच नवल. त्याचे पाय चिखलात रुतून फळी जमिनीला टेकली म्हणून वाचला. डांबरावर ठेवला असता तर चिरफळ्या झाल्या असत्या.

उनाड_वाटसरू
मंगळवार, सकाळी १०.००

चाफेकळी, सध्या कुठे आहे तो पोळपाट? त्याचा फोटो टाकायला हवा.

चाफेकळी
मंगळवार, सकाळी ११.२६

सर्वांचे आभार. पाइप घेतला, प्लाय कापून घेतली, स्टेपनीत ३६ भरून ठेवली (महिन्याला एखाद-दोन पीएसआय आपोआप उतरतात म्हणे, म्हणून वरचे तीन). अलाइनमेंटवाल्याकडेही जाऊन आले. समोर उभी राहून सगळे नट सैल करून हाताने पिळायला लावले. तोंड वाकडं केलं त्याने, पण केलं. स्टेपनी आता डिकीत वर आणि सामान खाली असं काही होईल का, याचा विचार चालू आहे. होणार नाही बहुतेक.

पोळपाट रोजच्या वापरात आहे. मधोमध जॅकच्या पायाचा चौकोन उमटलाय, अर्ध्या नखाएवढा खोल. पोळी लाटली की बरोबर तिथे जाड राहते. आत्या ती पोळी बाजूला काढून ठेवते आणि मला वाढते.